तांदळावर पिकणारा लाल: खानदेशच्या हवेत बुरशीपासून रंग कसा काढावा

मोनॅस्कस पर्प्युरियस नावाची तंतुमय बुरशी तांदळावर वाढवली की बारा-चौदा दिवसांत पांढरा दाणा आतपर्यंत गर्द लाल होतो. चीन, तैवान, जपान, फिलिपिन्समध्ये असा लाल तांदूळ शेकडो वर्षांपासून बनतो. व्हॅन टीघेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये मोनॅस्कस हे कुळ नोंदवलं. पुढे १८९५ मध्ये वेंट यांनी जावा बेटावरच्या लाल तांदळातून पर्प्युरियस ही जात वेगळी काढली. शोध जुना आहे, कृती फार अवघड नाही आणि लागणारं बरंचसं सामान जळगाव-धुळ्याच्या बाजारात मिळतं.

अवघड आहेत त्या दोन गोष्टी. एक, आपल्या हवेत तापमान ३० अंशांच्या आसपास टिकवणं. दोन, ही बुरशी रंगासोबत कधी कधी जे विष बनवते त्याचं भान ठेवणं. लेखाचा जास्त भाग या दोन गोष्टींवरच खर्च केला आहे, कारण रंग येण्याची काळजी बुरशी स्वतः घेते.

विषाचं आधी. त्याचं नाव सिट्रिनिन. ते मूत्रपिंडाला बाधतं. मोनॅस्कसच्या अनेक वाणांमध्ये ते तयार होतं हे १९९५ मध्ये स्पष्ट झालं. युरोपीय संघाने लाल तांदळाच्या पूरक गोळ्यांमध्ये सिट्रिनिनची मर्यादा आधी किलोमागे २,००० मायक्रोग्रॅम ठेवली होती, २०१९ च्या नियमाने ती १०० वर आणली. शिजवल्याने ते खात्रीने जात नाही. ओलसर अवस्थेत तापवल्यावर त्यातून आणखी विषारी पदार्थ बनू शकतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. याच तांदळात मोनॅकोलिन के हा पदार्थही असू शकतो, आणि तो म्हणजे कोलेस्टेरॉलवरच्या लोव्हास्टॅटिन या औषधाचाच रेणू. म्हणून घरी किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत पिकवलेला हा रंग जिलेबीत, सरबतात, चटणीत घालायचा नाही. अमेरिकेत आणि युरोपात तो खाद्यरंग म्हणून मान्य नाही, आणि आपल्याकडेही अन्नात कोणते नैसर्गिक रंग चालतात याची ठरलेली यादी असते. इथे जे सांगितलं आहे ते कापड, लोकर, कागद आणि शाई यांच्यासाठी. ‘नैसर्गिक आहे, मग काय होतंय’ असं म्हणणारा एक तरी माणूस घरात असतोच. त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी बरण्या ठेवा.

कल्चर कुठून आणायचं

भाकरीवर, पावावर किंवा ओल्या ज्वारीवर आलेली लाल-गुलाबी बुरशी खरवडून तिच्यापासून सुरुवात करू नका. ती काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. खानदेशात तर याला आणखी एक कारण आहे. फ्युजेरियम कुळातल्या काही बुरशा बायकॅव्हेरिनसारखे सुंदर लाल रंग बनवतात. केळीचा पनामा मर आणि कपाशीचा मर हे रोगही फ्युजेरियम ऑक्सिस्पोरममुळेच होतात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात बसून कोणी हौसेने फ्युजेरियमच्या बरण्या भरल्या आणि ते पाणी बांधावर ओतलं, तर शेजारी त्याला माफ करणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

ओळख पटलेलं कल्चर, म्हणजे शुद्ध वाढवलेली बुरशी, विकत घ्या. चंडीगडची एमटीसीसी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली एनसीआयएम आणि पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतला बुरशीसंग्रह हे तीन सूक्ष्मजीवसंग्रह आपल्याला सोयीचे. कल्चर बहुतेक संस्थेच्या किंवा महाविद्यालयाच्या नावावर मागवावं लागतं. म्हणून जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न एखाद्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना सोबत घ्या. पुढे रंग मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागेल, तेव्हाही तीच ओळख कामी येते. मागवतानाच विचारा की या वाणाची सिट्रिनिनबद्दल काही माहिती आहे का. कमी सिट्रिनिनचा वाण मिळाला तर थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घ्या.

कल्चर आलं की ते बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर या थिजलेल्या खाद्यावर उतरवायचं. तयार भुकटी मिळते. घरी करायचं तर २०० ग्रॅम सोललेल्या बटाट्याच्या फोडी उकळून गाळलेलं पाणी, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगर, सगळं मिळून एक लिटर. ३० अंशांवर वसाहत आधी पांढरी दिसते, मग नारिंगी होते आणि सहा-सात दिवसांत बशीच्या मागच्या बाजूने लाल दिसू लागते. या टप्प्यावर दोन-तीन नळ्या फ्रिजमध्ये राखून ठेवा. पुढे काही बिघडलं तर परत यायला जागा राहते. एकाच नळीतून पुन्हा पुन्हा पिढ्या काढत गेलात तर रंग फिका पडत जातो. मूळ नळी जपून वापरणं हाच त्यावर उपाय.

महिना आणि पेटी

भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट स्थिती असते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात. बुरशीला हवेत २८ ते ३२. त्यामुळे कामाचे सोपे महिने दोनदा येतात: नवरात्रापासून दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंत, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत. पावसाळ्यात तापमान बरं असतं, पण हवेत दुसऱ्या बुरशांचे बीजाणू इतके असतात की नवख्याने तो काळ टाळावा. एप्रिल-मेमध्ये एसी असलेली प्रयोगशाळा नसेल तर हे काम बंद ठेवा. कूलरसमोर बरण्या ठेवण्याची कल्पना अनेकांना सुचते. कूलर तापमान फारसं धरत नाही, आणि ओल्या वाळ्यातून येणारी हवा स्वच्छही नसते.

थंडीसाठी पेटी करणं सोपं आहे. जाड थर्मोकोलचा खोका, आत मंद दिवा आणि अंडी उबवण्याच्या यंत्रात असतो तसा स्वस्त थर्मोस्टॅट. दिवा काळ्या कागदाने किंवा पत्र्याच्या डब्याने झाका, कारण या रंगांना उजेड मानवत नाही. वीज जाण्याचा त्रास आपल्याला काही नवा नाही. पेटीत पाण्याने भरलेल्या चार-पाच बाटल्या ठेवल्या की लाइट गेली तरी दोन-तीन तास तापमान धडकन खाली येत नाही. थर्मामीटर पेटीच्या भिंतीला लावू नका, बरण्यांच्या मधोमध ठेवा. बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते. दाण्यांचा थर जाड असेल तर पेटी ३० दाखवत असताना आतला दाणा ३५ वर असू शकतो.

कोणतं धान्य

तांदूळच. पहिल्या खेपेला दुसरं काही करून पाहू नका. तोही नवा, चिकट, वासाचा नको. जुना, मोकळा होणारा, जाडाभरडा चालेल. नवापूर भागातला साधा तांदूळ किंवा उकडा तांदूळ यासाठी चांगला, कारण शिजल्यावर दाण्याला दाणा चिकटत नाही. बुरशीला पिष्ट हवं असतं तशी हवाही हवी असते. गिचका झाला की हवा जात नाही, आणि वरचा थर तेवढा लाल होऊन आत पांढरं राहतं.

हिशेब असा. २५० मिलिच्या शंकूच्या काचपात्रात ५० ग्रॅम तांदूळ आणि ४० मिलि पाणी. तांदळात मुळात बारा टक्क्यांच्या आसपास ओल असते, म्हणजे कोरडा भाग ४४ ग्रॅम. पाणी धरून एकूण ९० ग्रॅम, त्यात ओल साधारण ५१ टक्के. पुढे ५ मिलि विरजण (बुरशीचे बीजाणू मिसळलेलं पाणी) पडलं की ती ५४ टक्क्यांच्या जवळ जाते. ५० ते ५६ टक्क्यांचा पट्टा मोनॅस्कसला मानवतो. याहून कोरडं असेल तर वाढ रेंगाळते, ओलं असेल तर जिवाणू शिरतात. पाणी बोअरचं नको. तापीकाठच्या बऱ्याच गावांत ते जड असतं, आणि त्यात लोह असेल तर पुढे रंग मळकट होतो. आरओचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. पीएच कागदाने बघून घ्या. साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असेल तर काही करायला नको, वर असेल तर दोन-चार थेंब व्हिनेगर.

नत्रासाठी बाजारात अजिनोमोटो म्हणून मिळणारं मोनोसोडियम ग्लुटामेट ५० ग्रॅम तांदळामागे अर्धा ग्रॅम पाण्यात विरघळवून घाला. यामागे रसायनशास्त्र आहे. ही बुरशी मुळात नारिंगी रंग बनवते: रुब्रोपंक्टॅटिन आणि मोनॅस्कोरुब्रिन. त्यांना अमिनो गट भेटला की ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसतो आणि ते लाल होतात. ग्लुटामेट हा अमिनो गट पुरवतो, आणि त्याच्याशी जोडलेला लाल रंग पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतो. पिवळे रंग, म्हणजे मोनॅसिन आणि अँकाफ्लेव्हिन, सोबत असतातच.

ज्वारीबद्दल लोक हमखास विचारतात. आपली दादर भाकरीला उत्तम, पण अख्ख्या दाण्याचं साल बुरशीला लवकर आत जाऊ देत नाही. भरडा करून, चाळून, पीठ काढून टाकून वापरली तर काम होतं. पावसात सापडलेली काळी पडलेली ज्वारी फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात दुसऱ्या बुरशा आधीच घर करून असतात आणि त्यांची विषं कुकरने जात नाहीत. मक्याची कणी चालते, पण मक्याचा स्वतःचा पिवळा रंग अल्कोहोलमध्ये उतरतो आणि मोजणीत पिवळ्याचा आकडा फुगतो. सरकीची ढेप तेलकट, तिच्या वाटेला जाऊ नका.

केळीचं काय? जळगाव जिल्ह्यात हा प्रश्न टाळता येत नाही. पॅकहाउसमधून बाजूला काढलेली कच्ची केळी म्हणजे बहुतांश पिष्टच, आणि ती स्वस्त. पण त्यांच्यात नत्र कमी, आणि चिरल्याबरोबर ती काळी पडतात. तो तपकिरीपणा रंगात उतरतो. तांदूळ जमल्यावर एक चतुर्थांश भाग वाळवलेल्या कच्च्या केळीचे बारीक तुकडे आणि उरलेला तांदूळ असा प्रयोग करायला हरकत नाही. पीठ मात्र नको, त्याचा गोळा होतो. केरळमध्ये फणसाच्या बियांवर मोनॅस्कस वाढवून चांगला रंग काढल्याचं संशोधन झालेलं आहे. म्हणजे स्थानिक पिष्टावर प्रयत्न करणं वेडेपणाचं नाही, फक्त तो दुसऱ्या पायरीवरचा.

कुकर, बोळा आणि विरजण

पात्राच्या तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावायचा. औषधाच्या दुकानातला सर्जिकल कापूस पाणी शोषतो, ओला होतो आणि ओल्या बोळ्यातून जंतू आत उतरतात. सरकी काढलेली, न धुतलेली, न विरंजन केलेली रुई हवी. तिच्यावर नैसर्गिक मेण असतं म्हणून ती पाणी धरत नाही. खानदेशात जिनिंगवाल्याकडे मूठभर रुई मागितली तर कोणी पैसे घेत नाही. बोळ्यावर कागद बांधा.

तांदूळ-पाणी घालून अर्धा तास तसंच ठेवा, मधे एकदोनदा हलवा, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या वाफेच्या निर्जंतुक यंत्रात, १२१ अंशांवर २० मिनिटं. ऑटोक्लेव्ह नसेल तर मोठा प्रेशर कुकर: तळाला जाळी, तिच्याखाली पाणी, पहिली शिटी झाल्यावर आच मंद करून ४० ते ४५ मिनिटं. वाफ आपोआप उतरू द्या. शिटी उचलून सोडली तर बोळे उडतात. बाहेर काढल्यावर पात्र गरम असतानाच तळहातावर आपटून दाणे मोकळे करा. गार झाल्यावर हे होत नाही.

विरजण लावण्याची जागा शांत हवी. पंखा बंद, खिडक्या बंद, केस बांधलेले, तोंडाला मास्क. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचं टेबल) नसेल तर एक बाजू पारदर्शक असलेला मोठा प्लास्टिकचा डबा आडवा करून, ७० टक्के अल्कोहोलने पुसून, त्यात हात घालून काम करा. अल्कोहोल पूर्ण वाळल्याशिवाय स्पिरिटचा दिवा पेटवू नका, आणि बंद डब्यात तर मुळीच नाही. सहा-सात दिवस वाढलेल्या नळीत निर्जंतुक पाणी घालून वरचा थर हलक्या हाताने खरवडा. त्या पाण्यात ट्वीन ८० या साबणासारख्या द्रवाचा एखादा थेंब असेल तर बीजाणू चांगले सुटतात. प्रत्येक पात्रात ५ मिलि, मग हलवून सगळीकडे पसरवा. नाव, वाण, तारीख लिहा. एका पात्रात विरजण न घालता फक्त निर्जंतुक पाणी घाला आणि तेही पेटीत ठेवा. त्यात काही उगवलं तर दोष कुकरचा किंवा हाताचा, हे लगेच कळतं.

पेटीतले दिवस

पहिले दोन दिवस काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी दाण्यांवर पांढरट लव येते. चौथ्या-पाचव्या दिवशी गुलाबी-नारिंगी छटा, आठवड्याच्या शेवटी लाल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा पात्र हलवून दाणे सुटे करा. हे न केल्यास तंतू दाण्यांना बांधून घट्ट ढेकूळ करतात, आत उष्णता साठते आणि हवा संपते. दाण्यांचा थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नको. काचेच्या आतल्या बाजूला थेंब जमत असतील तर चिंता नाही. दाणे कडक होऊन खडखडायला लागले तर निर्जंतुक पाणी एक-दोन मिलि.

तयार झालं का हे बाहेरच्या रंगावरून ठरवू नका. दहाव्या दिवसापासून एखादा दाणा स्वच्छ चिमट्याने काढून ब्लेडने मधोमध कापा. मधे पांढरा ठिपका असेल तर अजून दोन दिवस. सगळीकडे सारखा डाळिंबी असेल तर झालं. साधारण बारा ते चौदा दिवस लागतात. त्याहून फार लांबवून रंग वाढतच जाईल असं नाही, आणि नको त्या गोष्टी वाढण्याची शक्यता मात्र राहते.

बिघाड ओळखायला डोळे आणि नाक पुरतात. पण नाक पात्राच्या तोंडाशी नेऊ नका. गडद हिरवी पावडर म्हणजे बहुधा ट्रायकोडर्मा किंवा पेनिसिलियम, काळे ठिपके म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर, झपाट्याने वर चढणारं करडं जाळं म्हणजे रायझोपस. चिकट लाळ आणि कुजका आंबूस वास म्हणजे जिवाणू, आणि तिथे ओल जास्त झालेली असते. पिवळसर हिरवं काही दिसलं तर ते अफ्लाटॉक्सिन हे विष बनवणारं अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकतं. असं पात्र उघडायचं नाही, ‘वरचं काढून खालचं वापरू’ असा विचारही करायचा नाही. बोळ्यासकट कुकरमध्ये घालून तासभर उकडायचं आणि मगच टाकायचं.

वाळवणं आणि रंग उतरवणं

तयार दाणे ताटात पातळ पसरून ५० ते ५५ अंशांवर वाळवा. उन्हात नको. आपल्या उन्हात पापड-कुरडया छान वाळतात, पण हे रंग सूर्यप्रकाशात फिके होतात. कांदा वाळवायचा सोलर ड्रायर असेल तर त्याच्या काचेवर काळं कापड टाकून वापरता येतो. दाणा दाताखाली नव्हे, बोटांत कडकन मोडला की झालं. दळताना मास्क हवाच, आणि दळायचं मिक्सरचं भांडं कायमचं वेगळं ठेवायचं. स्वयंपाकघरात ते परत जाणार नाही.

एक भाग भुकटीला दहा भाग ७० टक्के अल्कोहोल: ५ ग्रॅमला ५० मिलि. इथेनॉलवर महाराष्ट्रात उत्पादन शुल्क विभागाचे निर्बंध आहेत, त्यामुळे महाविद्यालयाच्या परवान्यातून मिळत असेल तर ठीक, नाहीतर रसायनांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पाणी घालून ७० टक्के करून घ्या. बाटली झाकून, अंधारात, मधूनमधून हलवत रात्रभर ठेवा. सकाळी मलमलच्या फडक्यातून आणि मग गाळणकागदातून गाळा. चोथ्यात अजून रंग दिसत असेल तर निम्म्या अल्कोहोलने एकदा परत. जवळपास गॅस, शेगडी, उदबत्ती काही पेटलेलं नको. उन्हाळ्यात अल्कोहोलची वाफ लवकर पसरते.

रंग मोजायचा तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तीन ठिकाणी वाचन घ्या: पिवळ्यासाठी ४०० नॅनोमीटर, नारिंगीसाठी ४७०, लालसाठी ५००. द्रावण इतकं पातळ करा की आकडा एकच्या आत येईल. वाचन गुणिले पातळ केल्याची पट गुणिले अर्काचे एकूण मिलि, भागिले कोरड्या भुकटीचे ग्रॅम, असे ग्रॅममागे रंग-एकक निघतात. समजा वाचन ०.४, द्रावण ५० पट पातळ केलेलं, अर्क ५० मिलि आणि भुकटी ५ ग्रॅम, तर ०.४ × ५० × ५० ÷ ५ = २०० एकक. हा आकडा दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी लावून खूश किंवा खट्टू होण्यापेक्षा आपल्याच आधीच्या खेपेशी ताडून बघणं उपयोगाचं. ५०० आणि ४०० च्या वाचनांचं गुणोत्तर काढलं की छटा लालकडे चालली की पिवळ्याकडे, तेही कळतं.

सिट्रिनिनची तपासणी फ्लुओरोसन्स डिटेक्टर असलेल्या एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर होते. शिरपूर, धुळे, जळगावच्या फार्मसी महाविद्यालयांत विचारून बघा, नाहीतर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत नमुना द्या. कापडासाठीच करायचं असलं तरी विक्रीचा विचार असेल तर एकदा हे करून घ्या.

अर्क नारिंगीकडे झुकलेला असेल तर तो लाल करता येतो. १०० मिलि अर्काला १ ग्रॅम ग्लुटामेट थोड्या पाण्यात विरघळवून घाला, चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा टाकून पीएच साडेसातच्या आसपास आणा आणि कोमट पाण्याच्या परातीत बाटली ठेवून द्या. काही तासांत छटा सरकताना दिसते. उलट आम्ल वाढलं, पीएच चारच्या खाली गेला, तर रंग नारिंगी होऊन तळाशी बसू लागतो. म्हणून या अर्काला लिंबू-चिंचेपासून दूर ठेवा.

कापडावर

आपला भाग कापसाचा. पण या रंगाची खरी मैत्री लोकर आणि रेशमाशी आहे. त्या धाग्यांत प्रथिनं असतात, प्रथिनांत अमिनो गट असतात आणि नारिंगी रंग त्यांना थेट जाऊन चिकटतो, चिकटताना लाल होतो. धुळे-साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांची पांढरी लोकर मिळाली तर तिच्यावर आधी करून बघा, निकाल बघून हुरूप येतो. लोकर धुऊन, ओली करून, ६० अंशांच्या आसपासच्या रंगपाण्यात पाऊण तास. उकळी नको, लोकर आटते आणि रंगही बिघडतो.

सुती कापडाला तयारी लागते. धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळा, म्हणजे मेण आणि खळ निघेल. मग हिरड्याचं पाणी: कापडाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के हिरडापूड रात्रभर भिजवून गाळलेली. त्यात कापड काही तास बुडवून, न धुता, सावलीत वाळवायचं. नंतर वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर. खानदेशातले रंगारी आल या झाडाच्या मुळीचा लाल रंग सुतावर बसवत होते तेव्हाही तुरटी लागतच होती. हिरड्यामुळे पाया पिवळसर होतो आणि लाल थोडा विटकरी दिसतो. ते टाळायचं तर हिरडा कमी करा, पण मग पकडही कमी होईल. रंगपाण्यासाठी कापडाच्या वजनाइतकी भुकटी धरून सुरुवात करा. अर्क एकदम ओतू नका, पाण्यात न विरघळणारा भाग डाग पाडतो. कोमट पाण्यात हळूहळू ढवळत घाला, भांडं स्टीलचं किंवा तामचिनीचं घ्या, लोखंडाचं नको. ६० ते ६५ अंशांवर तासभर, मग त्याच पाण्यात गार होऊ द्या.

उजेडात टिकण्याच्या बाबतीत हा रंग कच्चा आहे. अंगणात रोज वाळणाऱ्या लुगड्याला तो चालणार नाही. शाल, भिंतीवरची चौकट, वहीचं वेष्टण, हातकागद यांना शोभतो. प्रत्येक खेपेचा एक तुकडा अर्धा जाड पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत आठवडाभर ठेवा आणि दोन्ही अर्धे शेजारी धरून बघा. दुसरा तुकडा पांढऱ्या कापडासोबत साबणाने धुवा. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते या दोन तुकड्यांवरून ठरतं.

शाई हवी असेल तर अर्क पसरट काचेच्या भांड्यात, कोमट पाण्यावर, उघड्या हवेशीर जागी आटवून दाट करा आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात मिसळा. लवंगेच्या तेलाचा थेंब टाकला की ती लवकर नासत नाही.

मोनॅस्कस जमल्यावर दुसऱ्या बुरशांकडे बघता येईल. टॅलरोमायसेस अ‍ॅट्रोरोसियस ही सिट्रिनिन न बनवता तशाच कुळातला लाल रंग देते, म्हणून संशोधकांचं तिच्याकडे लक्ष आहे. ब्लेकस्लिया ट्रायस्पोरापासून बीटा-कॅरोटिन व्यापारी प्रमाणावर निघतं, पण त्यासाठी तिचे धन आणि ऋण असे दोन वाण एकत्र, भरपूर हवा देत द्रवात वाढवावे लागतात. ते घरचं काम नव्हे. क्लोरोसिबोरिया लाकडाला निळा-हिरवा रंग चढवते, फक्त ती इतकी सावकाश वाढते की धीर सुटतो.

राहिला चोथा. रंग काढून उरलेला तांदूळ गुरांना, कोंबड्यांना घालायचा नाही, बकरीलाही नाही. त्यात सिट्रिनिन उरलेलं असू शकतं. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत उघड्यावर वाळवा, मग कुकरमध्ये अर्धा तास उकडा आणि फुलझाडांच्या शेणखताच्या खड्ड्यात खोल पुरा, भाजीपाल्याच्या वाफ्यात नको. काचपात्रं आणि नळ्याही धुण्याआधी एकदा उकडून घ्या. बोळे जाळून टाकले तरी चालतात, रुई परत मिळते.